मणका ‘बसवला’ की हृदयाचे ठोके ताळ्यावर येतात का?

गोदाकाठची :
नमस्कार मंडळी. डॉक्टर, फिजिओ आणि ज्यांनी हा उपचार स्वतः घेतलाय अशा सगळ्यांचं मत हवं आहे.

नवरा नाशिकच्या अंबडला नोकरीला, पन्नाशीला टेकलेला. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. मान कायमच आखडलेली असते, पण हल्ली मधूनच छातीत धडधडतं, एखादा ठोका हुकल्यासारखा वाटतो. कंपनीतल्या मित्राने त्याला शहरातल्या एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके ‘बसवणाऱ्या’कडे, नेलं. तिथे बोटाला क्लिप लावून एचआरव्ही नावाची (दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते मोजणारी) चाचणी झाली. दोन मिनिटांत रंगीत आलेख हातात, त्यात बराचसा भाग लाल. मग सांगितलं की छातीच्या भागातला चौथा मणका जागेवर नाही, त्यामुळे हृदयाची नस दबते. नियमित अ‍ॅडजस्टमेंट घेतली की व्हेगस नर्व्ह ‘रीसेट’ होईल आणि पुढेमागे गोळीही सुटेल.

मान कडाकड वाजली आणि गड्याला इतकं हलकं वाटलं की पॅकेजचे अर्धे पैसे आगाऊ भरूनच घरी आला. सासूबाईंचं म्हणणं, ‘वीस रुपयांत न्हावी हेच करायचा.’

मला भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय. पाठीचा कणा आणि हृदयाचे ठोके यांचा खरंच काही संबंध असतो का? आणि ती लाल पट्ट्यांची चाचणी कितपत धरायची?

कट्टेकरी :
तुमच्या ओळखीत कुणी पायाळू नाही का? पाठीत एक लाथ, उसणही गेली आणि पॅकेजही वाचलं.

सातपूरची_सई :
@कट्टेकरी, मी स्वतः पायाळू आहे. लहानपणी गल्लीतले काका-मामा आमच्या ओट्यावर पालथे पडायचे नि मी लाथा मारायचे. दर लाथेमागे एक लिमलेटची गोळी मिळायची. आगाऊ पैसे कधी घेतले नाहीत.

शरीरक्रिया_निवृत्त :
ताई, आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात हाच विषय शिकवला, म्हणून जरा लांबण लावतो.

हृदयाला ठोके देण्यासाठी नसांची गरज नसते. उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, सायनो-एट्रियल नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, तो आपणहून मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे स्पष्ट दिसतं. नसा कापलेल्या असतात, तरी हृदय चालतं, फक्त विश्रांतीतला वेग ९० ते ११० च्या घरात राहतो. तुमचा-माझा ६०-७० येतो तो व्हेगसमुळे. व्हेगस हा ब्रेक, सिंपथेटिक नसा हा अ‍ॅक्सिलरेटर, आणि दोन्हींवर पाय आहे मेंदूच्या बुडाशी असलेल्या मेड्युलाचा. व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदय थांबतं, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवलं होतं. ही नस नेमकं काय करते ते १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेतवली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे नस एक रसायन सोडते. ते अ‍ॅसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. व्हेगस कवटीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडते आणि मानेत कॅरोटिड धमनी व जुग्युलर शिरेच्या सोबतीने खाली छातीत उतरते. मणक्यांच्या मधल्या फटींतून ती जातच नाही. मणका सरकून व्हेगस दबली, हे विधान शरीररचनेत बसत नाही.

सिंपथेटिक तंतूंचं वेगळं आहे. ते मज्जारज्जूच्या छातीच्या वरच्या चार-पाच पातळ्यांवरून निघतात आणि मणक्यांच्या बाजूला असलेल्या गंडिकांच्या (चेतापेशींच्या गाठींच्या) साखळीतून हृदयाकडे जातात. म्हणून ‘चौथा मणका’ अगदीच हवेतून आलेला नाही. पण हे तंतू दोन्ही बाजूंनी, अनेक पातळ्यांवरून येतात. त्यातली एक पातळी किंचित दबली म्हणून हृदयाचा ताल चुकेल हे मला पटत नाही. तिथली नस खरोखर दबली तर आधी बरगडीच्या रेषेत पट्ट्यासारखं दुखेल, मुंग्या येतील. यजमानांना तसं काही होतं का?

गोदाकाठची :
नाही सर, मुंग्या-बिंग्या काही नाही. फक्त मान आणि धडधड.

पंचवटी_एक्सप्रेसवाला :
सरांचं सगळं मान्य, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो खोटा नाही.

मी कैक वर्षं रोज नाशिकरोड ते मुंबई अपडाऊन केलंय. पासधारकांच्या डब्यात बसल्या बसल्या मान टाकून झोपायचं, तिकडे दिवसभर कॉम्प्युटर. मान, खांदा, डोकं सगळं एकत्र दुखायचं आणि रात्री अंथरुणात पडलं की छातीत धाडधाड. ईसीजी, इको सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन. हे ऐकून ऐकून वीट आला. शेवटी एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. थोड्याच बैठकांत मान सुटली, झोप लागायला लागली, धडधडही गेली. पुस्तकात नस तिकडून जाते की इकडून, पेशंटला काय फरक पडतो? गुण आला की झालं.

शरीरक्रिया_निवृत्त :
@पंचवटी_एक्सप्रेसवाला, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. सतत दुखणं असलं, झोप मोडली, की सिंपथेटिकचा जोर वाढतो. दुखणं कमी झालं, झोप लागली, की तो उतरतो आणि रात्रीची धडधडही. मान सुटल्याचं श्रेय त्या माणसाला खुशाल द्या. पण मणका सरळ करून हृदयाची नस मोकळी केली, हा वेगळा दावा आहे, आणि तुम्हाला गुण आला म्हणून तो सिद्ध होत नाही. तुमच्यात नि ताईंच्या यजमानांत एक मोठा फरकही आहे. तुमचा ईसीजी-इको आधी झाला होता. त्यांचा?

गोदाकाठची :
नाही झाला. बीपीची गोळी सुरू करताना केला होता तेवढाच, त्याला बराच काळ लोटला.

इतिहासाचा_किडा :
‘चौथा मणका’ वाचून मी खुर्चीतच उठून बसलो. हा मणका फार जुना आहे हो!

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी, १८९५ मध्ये झाली. डी. डी. पामर त्याआधी चुंबकीय उपचार करायचे. हार्वी लिलार्ड नावाचा सफाई कामगार ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याकडे आला, त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, ही पामर यांची मूळ कथा. आता गंमत बघा. ऐकण्याची नस कवटीच्या आतल्या आत मेंदूकडे जाते, पाठीशी तिची गाठच पडत नाही. आणि त्यानंतरचा पेशंट म्हणून पामर कोणाचा दाखला देतात? हृदयविकाराचा! छातीच्या भागातला चौथा मणका सरकून हृदयाची नस दाबत होता, तो बसवला आणि लगेच आराम पडला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. तोच मणका सव्वाशे वर्षं प्रवास करून नाशकात पोहोचला म्हणायचा.

एकतर्फी नको म्हणून हेही सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या लोकांना वाळीत टाकण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला आणि १९८७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरवला. उलट बाजूने, ब्रिटनमध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी लहान मुलांच्या पोटदुखी-दम्यावरच्या दाव्यांना पुरावा नाही असं लिहिलं, तर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २००८ मध्ये त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

कट्टेकरी :
पामर पायाळू होते का, याचा शोध घ्यावा.

घड्याळवाली_धावपटू :
एचआरव्हीबद्दल मी बोलते, कारण माझं मनगट दिवसरात्र तेच मोजत असतं.

नाडी ६० असली तरी दर ठोका बरोब्बर एका सेकंदाने पडत नाही. कधी ९४० मिलिसेकंद, कधी १०३०. श्वास घेताना ठोके जरा जलद होतात, सोडताना मंदावतात, आणि हा चढउतार बराचसा व्हेगसच्या हातात असतो. म्हणून विश्रांतीत चढउतार जास्त असणं सहसा चांगलं. हे शास्त्र खरं आहे. युरोप-अमेरिकेतल्या हृदय नि हृदयतालाच्या संघटनांनी १९९६ मध्ये ते कसं मोजायचं याचे निकष ठरवून दिले. कमी वेळेच्या मोजणीसाठी त्यात पाच मिनिटं धरली आहेत.

अडचण अशी की हा आकडा कशानेही हलतो. चहा, अपुरी झोप, आदल्या रात्रीची पार्टी, ताप, वय, बसून मोजलं की आडवं पडून, मोजताना बोललात का. पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढून आले की दुसऱ्या दिवशी माझं घड्याळ मला आजारी ठरवतं. माणसामाणसांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. अनोळखी दवाखान्यात, ट्रॅफिकमधून वैतागून आलेल्या माणसाच्या बोटाला दोन मिनिटं क्लिप लावून ‘नसांचं नियंत्रण बिघडलंय’ म्हणणं फारच झालं. अ‍ॅडजस्टमेंटनंतर पुन्हा मोजतात तेव्हा तो माणूस पंधरा मिनिटं निवांत पडून, संथ श्वास घेऊन उठलेला असतो. तेवढ्यानेही आकडा सुधारतो.

शरीरक्रिया_निवृत्त :
+१. आणि यजमान मेटोप्रोलॉलवर आहेत, ते बीटा ब्लॉकर आहे. हे औषधच सिंपथेटिकचा परिणाम अडवतं, त्यामुळे नाडी आणि एचआरव्ही दोन्ही बदलतात. चाचणीआधी कोणती गोळी चालू आहे हे विचारलं होतं का?

सगळ्यात महत्त्वाचं आता. ती गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवला तर ठोके आणि रक्तदाब उसळी मारतात. आधीच हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

गोदाकाठची :
विचारलं नव्हतं. आणि नवऱ्याने मध्ये दोनदा गोळी ‘विसरली’ आहे, हे मला आत्ता हा धागा त्याला वाचून दाखवताना कळलं.

अर्धी_माहिती :
इथे सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितोय. २००७ मध्ये जर्नल ऑफ ह्युमन हायपरटेन्शनमध्ये शिकागोच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. मानेतला पहिला मणका, म्हणजे अ‍ॅटलस, विशिष्ट पद्धतीने जागेवर आणला तर आठ आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी १७ ने उतरला. ज्यांच्यावर खोटी प्रक्रिया केली त्यांचा फक्त ३ ने. हे काय पायाळूची लाथ आहे का? त्यावर कोणी बोलेल का?

फिजिओ_इंदिरानगर :
बोलते. अभ्यास खरा आहे आणि तुम्ही आकडेही बरोबर दिलेत. पण तो प्राथमिक स्वरूपाचा, एकूण ५० लोकांचा होता, सौम्य उच्च रक्तदाबाचे आणि औषधांवर नसलेले निवडलेले लोक. तंत्रही एक्स-रेवर कोन मोजून हलक्या हाताने करायचं खास तंत्र होतं. कडाकड वाजवणं नव्हे. छातीच्या चौथ्या मणक्याचा तर त्यात विषयच नाही. आणि या धाग्यापुरती खरी मजा पुढे आहे. त्या अभ्यासात नाडीच्या वेगात फरक पडला नाही. बीपी उतरलं, ठोके होते तिथेच. ‘ठोके ताळ्यावर येतात’ यासाठी तुम्ही नेमका तोच अभ्यास आणलात!

आता माझ्या कामाबद्दल. मीही मणक्यांवर हाताने काम करते. कंबरदुखीत, मानदुखीत हस्तोपचाराने काही लोकांना बरं वाटतं, विशेषतः जोडीला व्यायाम असेल तर. म्हणून कायरोप्रॅक्टर म्हटलं की लगेच भोंदू, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत त्यांचं अनेक वर्षांचं शिक्षण असतं, परवाना असतो. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी अशी वैधानिक परिषदच नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टला राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कायरोप्रॅक्टर म्हणवणाऱ्याने शिक्षण कुठे घेतलं हे तुम्हालाच विचारावं लागतं. काही जण परदेशात रीतसर शिकून आलेले असतात, काही शनिवार-रविवारची कार्यशाळा करून.

तो आवाज म्हणजे मणका जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे. सांधा ताणला की आतल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडात बोटाचे सांधे ओढताना एमआरआयने हे टिपलंही.

झटक्याने मान फिरवण्याबद्दल मात्र मी कडक आहे. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून व्हर्टिब्रल धमन्या मेंदूकडे जातात. झटका दिल्यानंतर धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये यावर निवेदन काढलं. कारण आणि परिणाम सिद्ध करणं अवघड आहे, कारण धमनी आधीच फाटत असते म्हणून मान दुखते आणि म्हणूनच माणूस तिथे जातो, असंही होतं. पण धोक्याची कल्पना पेशंटला आधी द्यावी असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या यजमानांना कोणी दिली होती?

पंचवटी_एक्सप्रेसवाला :
मला तर नव्हती दिली. हे वाचून आता मान उगाच दुखायला लागली.

सातपूरची_सई :
सासूबाईंच्या त्या न्हाव्यालाही कळवायला हवं. आमच्याकडे अजून केस कापून झाले की ‘मान मोडू का?’ विचारतात.

द्राक्षबाग :
मी दिंडोरी भागातला शेतकरी. इंग्रजी नावं आपल्याला जमत नाहीत, घडलं ते सांगतो.

छाटणीचे दिवस होते. वडिलांच्या पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखायला लागलं. दिवसभर हात वर करून काम, त्यामुळे सगळे म्हणाले उसण भरली. गावात एक जुने वस्ताद आहेत, तालमीतले, हात-पाय बसवणारे. देवमाणूस, पैसा घेत नाहीत. त्यांनी तेल लावून चोळलं, बरं वाटलं. रात्री पुन्हा दुखलं, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम. सकाळ होईस्तोवर थांबलो आम्ही. नाशकात नेलं तर डॉक्टर म्हणाले अटॅक येऊन बरेच तास झालेत. वाचले वडील, पण हृदयाची ताकद कमी झाली ती झालीच. आता बागेत खुर्ची टाकून बसतात नि मजुरांवर ओरडतात.

वस्तादांवर राग नाही. पाठ दुखते म्हणल्यावर ते पाठच चोळणार. पण हे असं का होतं सर? दुखणं हृदयाचं आणि कळ पाठीत?

शरीरक्रिया_निवृत्त :
@द्राक्षबाग, ताईंनी विचारलेला कणा आणि हृदयाचा संबंध खरा कुठे आहे, तो तुम्ही सांगितलात.

हृदयाकडून वेदनेचा निरोप घेऊन येणारे तंतू सिंपथेटिकच्याच वाटेने मज्जारज्जूत शिरतात, त्याच वरच्या छातीच्या पातळ्यांवर. तिथेच पाठीच्या त्या भागाचे, छातीच्या कातडीचे आणि हाताच्या आतल्या बाजूचे निरोपही येतात. पुढची चेतापेशी बऱ्याचदा सामाईक असते. मेंदूला आयुष्यभर कातडी-स्नायूंचे निरोप ऐकायची सवय, हृदयाचे क्वचितच. त्यामुळे कळ आली की तो ती पाठीच्या, हाताच्या नावावर लावतो. फऱ्यांच्या मधलं दुखणं, डावा हात, जबडा हे सगळं त्यातून येतं. बायकांत आणि मधुमेहींत तर छातीत न दुखताही असं होऊ शकतं.

म्हणून माझी भीती निराळी आहे. मणक्यामुळे हृदय बिघडलं असा पेशंट मी पाहिला नाही. हृदयाचं दुखणं मणक्याचं समजून चोळत बसलेले पुष्कळ पाहिले. पाठीत किंवा हातात नवीन दुखणं, त्यात घाम, दम, मळमळ, किंवा चालल्यावर वाढतं नि थांबल्यावर कमी होतं, असं असेल तर आधी ईसीजी. पाठ नंतर कोणाकडूनही दाबून घ्या.

घड्याळवाली_धावपटू :
सर, एक शंका. मानेला हात लावून ठोके कमी झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. मैत्रिणीची नाडी १८० ला गेली होती, इमर्जन्सीत डॉक्टरांनी मान चोळली आणि ती उतरली.

शरीरक्रिया_निवृत्त :
तो कॅरोटिड सायनस. मानेच्या पुढच्या बाजूला, जबड्याखाली, धमनी दुभंगते तिथे दाब ओळखणारे संवेदक असतात. तिथे दाबलं की मेंदूला वाटतं रक्तदाब वाढला, आणि तो व्हेगसमार्फत हृदय मंद करतो. एसव्हीटी नावाच्या एका प्रकारच्या जलद ठोक्यांत त्याचा उपयोग होतो. पण ते मॉनिटर लावून, डॉक्टरनेच. वयस्कांत धमनीत साचलेल्या चरबीच्या थराचा तुकडा सुटून मेंदूत जायचा धोका असतो. आता बहुधा व्हाल्साल्वा पसंत करतात, म्हणजे श्वास रोखून जोर लावणं. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत जोर लावून झाल्याबरोबर पेशंटला आडवं करून पाय वर उचलले, तर ४३ टक्के लोकांचे ठोके पूर्ववत झाले. नेहमीच्या पद्धतीने फक्त १७ टक्के. व्हेगस वापरून ठोके आणायचे तर हे आहे तपासलेलं. यात मणका कुठेच नाही.

कट्टेकरी :
आणि रामकुंडावर पहाटे बसून अनुलोम-विलोम करणारे आमचे आजोबा?

घड्याळवाली_धावपटू :
@कट्टेकरी, चेष्टेत बोललात पण मुद्दा आहे. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले की एचआरव्ही चांगलाच वाढतो. मी घड्याळावर बघते. फुकट आहे. आजार बरा होतो असं मात्र मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या माझंही पॅकेज निघायचं.

गोदाकाठची :
मंडळी, उशिरा आले, पण खबर घेऊन.

हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. ईसीजी, इको, थायरॉइड आणि होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून चोवीस तासांचा ईसीजी. इको चांगला. होल्टरमध्ये अधूनमधून व्हीपीसी दिसले. डॉक्टरांनी सांगितलं की एक ठोका वेळेआधी पडतो, मग जरा जास्त थांबा, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. ‘हुकल्यासारखं’ वाटतं ते हेच. सध्या घाबरण्यासारखं नाही म्हणाले. चहा कमी करायचा, रात्रपाळीनंतरची झोप सांभाळायची, गोळी न चुकवता घ्यायची, काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मणक्याबद्दल विचारलं तर हसले नि म्हणाले, मानेसाठी फिजिओकडे जा.

नवरा अजूनही म्हणतो की मान तिथेच सुटली होती. असेल. पण झटक्याने मान फिरवू द्यायची नाही एवढं त्याने कबूल केलंय. उरलेले पैसे परत मागायला गेलो तर नाही म्हणाले.

फिजिओ_इंदिरानगर :
पावती आहे ना? त्यावर काय लिहिलंय?

गोदाकाठची :
आहे. ‘वेलनेस सेवा, रक्कम परत मिळणार नाही.’ हृदय, व्हेगस, बीपीची गोळी, यातलं एक अक्षरही नाही.

इतिहासाचा_किडा :
तो रंगीत आलेखही जपून ठेवा. त्यावर त्यांचं नाव नि तारीख असेल. आधी लेखी मागणी करा, पोच घ्या, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. छोट्या रकमेसाठी वकील लागतोच असं नाही.

द्राक्षबाग :
ताई, पैसे मिळाले तर इथे कळवा. नाही मिळाले तरी कळवा.